रोजचा हलका सुगंध : लिंबाची साल, मोगरा आणि शेजारचा माणूस

(सणसवाडी येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



दारातून आत येताना तुमच्या हातात ड्रॉइंगच्या कागदाच्या दोन पट्ट्या दिल्या असतील. एकीवर ‘लिं’ लिहिलंय, दुसरीवर ‘मो’. ‘लिं’वर कागदी लिंबाची साल दुमडून पिळली आहे. रस नव्हे, सालीतलं तेल. ‘मो’वर मोगऱ्याच्या अत्तराचा एक थेंब आहे. दोन्ही आत्ता एकदा हुंगून घ्या आणि बाजूला ठेवून द्या. हाताला चोळू नका, का ते पुढे सांगतो. तासाभराने पुन्हा हुंगायच्या आहेत.

आजचा विषय मागच्या वेळी ठरला. व्याख्यान संपल्यावर चहाच्या वेळी एका तरुणाने विचारलं, ‘सर, रोज कंपनीत जाताना कुठला सेंट मारावा? म्हणजे लोकांनी नाकं मुरडू नयेत असा.’ सगळे हसले, आम्हीही हसलो. घरी गेल्यावर मात्र ते दुसरं वाक्य मनातून जाईना. ‘मला आवडेल असा’ असं तो म्हणाला नाही. ‘लोकांनी नाकं मुरडू नयेत असा’ असं म्हणाला. सकाळच्या कंपनीच्या बसमध्ये खांद्याला खांदा लावून बसणाऱ्या माणसाचा प्रश्न आहे हा. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवून हा प्रश्न आम्हाला कधी इतक्या सरळ विचारता आला नव्हता.

उत्तर थोडक्यात द्यायचं तर, लिंबू-संत्र्याच्या जातीचा आणि फुलाचा मेळ असलेला हलका सुगंध घ्या. दुकानात असल्या बाटलीवर ‘सिट्रस फ्लोरल’ असं छापलेलं असतं. पण हलका म्हणजे काय, आणि रोजच्यासाठी हलकाच का, हे कळल्याशिवाय या उत्तराला काही अर्थ नाही.

आधी लिंबू घेऊ. लिंबाची साल उजेडात धरून पाहिलीत तर बारीक बारीक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या पिशव्या. साल दुमडली की त्या फुटतात आणि फवारा उडतो. मेणबत्तीजवळ दुमडली तर तो फवारा क्षणभर पेटतोसुद्धा. लहानपणी हा उद्योग आपण सगळ्यांनी केलेला आहे आणि मारही खाल्लेला आहे. या तेलात सर्वांत जास्त असतं ते लिमोनीन नावाचं द्रव्य. संत्र्याच्या सालीच्या तेलात तर ते शंभरात नव्वद भागांहून जास्त असतं. आणि लिंबाला ‘लिंबूपण’ देणारं दुसरं एक द्रव्य आहे, सिट्रल. तेच गवती चहात भरपूर असतं. म्हणून तर गवती चहा घातलेल्या चहाला लिंबाची आठवण येते, लिंबाचा एक थेंब त्यात नसताना.

आता लिमोनीनचा रेणू लहान असतो. रसायनवाल्यांच्या मापाने त्याचं वजन १३६. लहान, सुटसुटीत, कशाला चिकटून बसायची त्याला सवय नाही. कागदावरून, कातडीवरून तो भराभर उडतो. उडतो म्हणूनच नाकाला चटकन आणि जोरात कळतो, आणि उडतो म्हणूनच लवकर संपतो. लिंबाचा वास ताजा वाटतो तो या घाईमुळे. दुकानदार सांगतात, ‘साहेब, लिंबाचा सेंट टिकत नाही.’ बरोबर आहे. पण ती काही बनवणाऱ्याची लबाडी नव्हे, वस्तूचा स्वभाव आहे. कापराला सांगणार का, की उडू नकोस म्हणून?

फुलाचं गणित निराळं. मोगरा, जाई, जुई ही सगळी एका कुळातली. या फुलांचा एक विशेष म्हणजे तोडल्यावरही ती कितीतरी तास वास देत राहतात. मोगऱ्याच्या कळ्या मिटलेल्या तोडतात, बाजारात मिटलेल्या येतात, आणि संध्याकाळी तुमच्या घरात उमलतात. म्हणजे झाडापासून तुटल्यावर त्यांचं खरं काम सुरू होतं. त्यांच्या वासात अनेक द्रव्यं आहेत. काही लिंबासारखी हलकी आहेत, तर काही जड, मागे राहणारी आहेत. त्यात इंडोल नावाचं एक द्रव्य आहे. ते एकटं आणि जास्त हुंगलं तर अक्षरशः शौचालयाची आठवण यावी. पण मोगऱ्यात ते इतकं अल्प असतं की त्याने फुलाला खोली येते. बंद खोलीत मोगऱ्याचा मोठा ढीग ठेवला की डोकं का चढतं, त्याचं कारण थोडंफार इथे आहे. सुगंध आणि दुर्गंध या दोन वेगळ्या वस्तूच असतील असं नाही. पुष्कळदा फरक मात्रेचा असतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

म्हणजे सुगंध बनवणाऱ्याची अडचण ध्यानात आली ना? लिंबू प्रसन्न, पण थांबत नाही. मोगरा थांबतो, पण बसमध्ये जड होतो. दोघांचा मेळ कसा घालायचा? निसर्गाने एका झाडात तो घालून ठेवला आहे. कडू संत्र्याच्या फळाच्या सालीतून एक तेल निघतं, त्याच झाडाच्या पानांतून आणि कोवळ्या फांद्यांतून दुसरं, आणि फुलांतून तिसरं. या फुलांच्या तेलाला युरोपात नेरोली म्हणतात, सतराव्या शतकातल्या इटलीतल्या नेरोला गावच्या एका राजघराण्यातल्या बाईंवरून. फुलाचा गोडवाही त्यात आहे आणि सालीचा टवटवीतपणाही. तुम्हाला नेरोली विकत घ्यायची गरज नाही. आपल्या शिरूरच्या पुढे घोड नदी ओलांडली की श्रीगोंद्यात लिंबाच्या बागाच बागा आहेत. बहर धरला असताना सकाळी लवकर अशा बागेत उभं राहा. लिंबाचं फूल इतकंसं, पांढरं, जांभळट छटेचं. त्याला मोगऱ्यासारखा गोड वास आहे आणि त्यामागे सालीची सणक आहे. शेतकरी त्या वेळी फळाचा हिशोब करत असतो, हस्त बहर लागला तर उन्हाळ्यात भाव मिळेल का, राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘साई शरबती’ची झाडं कशी आहेत, वगैरे. त्याचं बरोबर आहे. आपण मात्र फुकटात हुंगून यावं.

माणसाने हा मेळ मुद्दाम घातला त्याची एक कथा जर्मनीतल्या कोलोन शहरातली. इटलीतून तिथे गेलेल्या योहान मारिया फरिना याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लिंबूवर्गीय तेलं, फुलांचा अर्क आणि मद्यार्क मिळून एक पाणी बनवलं. त्या घराण्याचा व्यवसाय १७०९ सालचा. त्या काळी युरोपातली श्रीमंत माणसं कस्तुरीसारखे जड सुगंध भरपूर लावत. आंघोळीचं प्रमाण आपण न काढलेलं बरं. अशा वातावरणात हे पाणी म्हणजे खिडकी उघडल्यासारखं झालं असणार. शहराच्या नावावरून त्याला ‘कोलोनचं पाणी’ म्हणू लागले. अशा पाण्यात सुगंधी तेल साधारण शंभरात दोन ते पाच भाग, बाकी मद्यार्क आणि पाणी.

आता तुमच्यातल्या साठीच्या पुढच्या मंडळींना काहीतरी आठवलं असेल. कोलनवॉटरच्या घड्या! ताप चढला की आई किंवा आजी बशीत पाणी घेऊन त्यात कोलनवॉटर टाकायची, रुमालाची घडी भिजवून कपाळावर ठेवायची. मद्यार्क उडताना कपाळाची उष्णता घेऊन जातो म्हणून गार वाटतं, हे पुढे शाळेत कळलं. आमच्यापुरतं सांगायचं तर लिंबूफुलांचा हा वास आम्हाला प्रथम भेटला तो नटण्याशी जोडलेला नव्हताच. तापाच्या खोलीत, कुणीतरी जागं बसलेलं असताना भेटला. त्यामुळे ‘परफ्यूम म्हणजे चैन’ हे वाक्य आम्हाला कधी पूर्ण पटलं नाही.

विसाव्या शतकात या प्रकारात एक मोठं पाऊल पडलं. १९६०च्या सुमारास फिर्मेनिश या स्विस कंपनीतल्या रसायनशास्त्रज्ञांना जाईच्या अर्काचा अभ्यास करताना एक द्रव्य हाती लागलं. त्याला पुढे हेडिओन नाव मिळालं. वास म्हणाल तर जाईचाच, पण जाईतलं सगळं जडपण काढून घेतल्यासारखा. हवेशीर, किंचित लिंबाकडे झुकणारा. मोगऱ्याच्या वेलीवरून वारा येतो तसा. एदमाँ रूदनित्स्का या सुगंधकाराने १९६६ साली दिओरसाठी ‘ओ सोवाज’ बनवलं त्यात लिंबूवर्गीय तेलांच्या जोडीला हे द्रव्य घातलं. लिंबू उडून गेलं तरी त्याचा ताजेपणा जाईच्या पाठीवर बसून आणखी काही वेळ चालत राहिला. आज तुम्ही शंभर-दोनशे रुपयांचा ‘फ्रेश’ म्हणून जो स्प्रे घेता, त्याच्या मागेही बहुधा हीच युक्ती असते.

इथे कुणीतरी म्हणणार, ‘सर, हे सगळं परदेशातलं.’ नाही हो. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गंधयुक्ती हे एक अख्खं प्रकरण आहे. सोळा सुगंधी द्रव्यं घेऊन त्यातली चार-चार निवडली तर किती प्रकार होतील, याचा हिशोब तो तिथे करतो, उत्तर १८२०. आज अकरावी-बारावीत मुलं ही गणितं करतात आणि ‘याचा उपयोग काय’ म्हणून विचारतात. घ्या, अत्तर बनवा! कामसूत्रात सुखवस्तू नागरकाच्या बिछान्याजवळ काय काय ठेवलेलं असावं त्याची यादी आहे. त्यात उटी, फुलांच्या माळा, विड्याची पानं यांच्याबरोबर महाळुंगाची सालही आहे. महाळुंग म्हणजे लिंबाच्या कुळातलं ते मोठं, जाड सालीचं फळ, कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात आहे ते. तेव्हा लिंबाच्या जातीची साल आणि फुलं रोजच्या वापरात एकत्र असणं आपल्याला नवं नाही.

आणि इथून तासाभराच्या अंतरावर पुण्यात, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत, परशुराम कृष्ण गोडे नावाचे क्युरेटर होऊन गेले. त्यांनी १९४०च्या दशकात भारतीय सुगंधविद्येच्या इतिहासावर लेख लिहिले. गंगाधराचा ‘गंधसार’ आणि त्याच्या सोबत ‘गंधवाद’ नावाचा ग्रंथ त्यांनी हस्तलिखितातून अभ्यासकांपुढे आणला. या गंधवादावरची टीका मराठीत आहे. जुन्या मराठीत कुणीतरी बसून सुगंध कसे करावेत हे समजावून सांगत होता! ज्ञानेश्वरांच्या, तुकोबांच्या मराठीचा आपण अभिमान बाळगतो तो रास्तच आहे. पण औषधाच्या, स्वयंपाकाच्या, सुगंधाच्या मराठीकडे आमच्यासारख्या प्राध्यापकांनी ढुंकून पाहिलं नाही, हे कबूल केलं पाहिजे.

आपल्या अत्तराची मात्र एक गोष्ट लक्षात घ्या. जुन्या पद्धतीत फुलांची वाफ चंदनाच्या तेलात जिरवतात. चंदन जड, सावकाश उडणारं. ते फुलाला धरून ठेवतं. म्हणून अत्तराचा फाया कानात ठेवला की दिवसभर, शालीला लागलं तर महिनोन्‌महिने. हे सुगंध प्रसंगाचे होते. लग्नात, मुंजीत, हळदीकुंकवाला हाताच्या मागच्या बाजूला अत्तर लावायचं आणि गुलाबदाणीने शिंपडायचं. दिवाळीला उटणं आणि मोती साबण. रोज नव्हे.

मग आपल्याकडे रोजचा हलका सुगंध कोणता होता? आमच्या मते गजरा. संध्याकाळी माळला, रात्री उमलला, सकाळी कोमेजला, काढून टाकला. ना बाटली, ना साठवण. देवघरातल्या फुलांचंही तेच, दुसऱ्या दिवशी निर्माल्य. पण या गजऱ्यालाही कुंपण होतं. विधवा बाईने फूल माळायचं नाही. आमच्या घरात एक आत्या होत्या. परसातला मोगरा त्यांनीच लावलेला, पाणी त्याच घालायच्या, कळ्या त्याच तोडायच्या, गजरे त्याच करायच्या, सगळ्यांसाठी. एवढंच सांगून पुढे जातो.

आता थोडं आमच्या धंद्याचं. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात, म्हणजे न्याय-वैशेषिक दर्शनाच्या बालपोथीत म्हणा, गंध हे पृथ्वीचं लक्षण सांगितलं आहे. गंध आहे तिथे पृथ्वीचा अंश आहे. वाऱ्याला वास येतो तेव्हा तो वाऱ्याचा नसतो. वाऱ्यात पृथ्वीचे कण आलेले असतात, त्यांचा असतो. तिथेच रंगांचे सात प्रकार सांगितले आहेत, रसांचे सहा, स्पर्शाचे तीन, आणि गंधाचे फक्त दोन, सुरभी आणि असुरभी. चांगला आणि वाईट. संपलं! इतके बारकावे काढणाऱ्या लोकांनी वासापुढे हात टेकले. आपणही टेकतो. हिरवा, आंबट, खरखरीत असे शब्द आपल्याकडे आहेत. पण वासाचं नाव विचारलं की ‘मोगऱ्यासारखा’, ‘कापरासारखा’. वस्तूचं नाव घेतल्याशिवाय वासाबद्दल बोलताच येत नाही.

कणांचं जे म्हटलं, ते आजचं रसायनशास्त्रही आपल्या भाषेत मान्य करतं. तुम्ही माझा शर्ट पाहता तेव्हा शर्ट माझ्याकडेच राहतो. पण माझ्या सेंटचा वास तुम्हाला येतो तेव्हा माझ्या अंगावरचं काहीतरी, सूक्ष्म का असेना, तुमच्या नाकात शिरलेलं असतं. आणि तुम्हाला नाही म्हणता येत नाही. डोळे मिटता येतात. श्वास किती वेळ धरून ठेवणार?

जर्मन तत्त्वज्ञ कांट याने नेमकं यावर बोट ठेवलं. १७९०च्या त्याच्या ग्रंथात तो संगीताबद्दल बोलता बोलता सुगंधी रुमालाचं उदाहरण देतो. खिशातून अत्तर लावलेला रुमाल काढणारा माणूस आजूबाजूच्या सगळ्यांना, त्यांची इच्छा असो वा नसो, त्यात ओढतो, श्वास घ्यायचा तर त्यांना ते भोगावंच लागतं, असा त्याचा आशय. पुढे १७९८च्या एका पुस्तकात घ्राणेंद्रिय हे सर्वांत कृतघ्न आणि नसलं तरी चालेल असं इंद्रिय आहे, अशा अर्थाचंही तो म्हणतो. यातलं दुसरं आम्हाला मान्य नाही. गॅस गळला तर कांट काय करणार होता? पहिलं मात्र विचार करण्याजोगं आहे.

याच उदाहरणावरून आमच्या हातून एक चूक झाली आहे. पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळच्या पहिल्या तासाला आम्ही कांट शिकवत होतो. दुसऱ्या बाकावर एक मुलगा बसायचा. अंगाला भडक अत्तर, वर्गभर दरवळ. रुमालाचं उदाहरण सांगताना आम्ही त्याच्याकडे पाहिलं, जरा थांबलो, आणि म्हणालो, ‘उदाहरणासाठी फार लांब जायला नको.’ वर्ग खो खो हसला. तोही हसला. दुसऱ्या दिवशी तो शेवटच्या बाकावर खिडकीशी बसला, अत्तर न लावता. महिन्याभराने वह्या तपासायला घेतल्या, तेव्हा त्याच्या वहीच्या कागदाला एक वास होता. वर्कशॉपमध्ये काम केलेल्यांना तो लगेच कळेल. मशिनवर पाती गार ठेवायला जे दुधाळ तेलपाणी सोडतात, त्या कूलंटचा. तो रात्रपाळी करून थेट वर्गात येत होता. घरी जाऊन आंघोळ करायला वेळ नव्हता. कूलंटचा वास झाकायला बिचारा अत्तर लावत होता. शेजारच्यांना आपला त्रास होऊ नये म्हणून.

म्हणजे कांटचा रुमालवाला लोकांचा विचार करत नाही म्हणून अत्तर लावतो, आणि आमचा विद्यार्थी लोकांचा विचार करत होता म्हणून. बाहेरून दोघं सारखेच दिसतात. आम्ही त्याची माफी मागितली नाही. आधी धीर झाला नाही, मग परीक्षा आल्या, मग तो निघून गेला. सुरभी आणि असुरभी हे दोनच प्रकार मानण्यात धोका हा आहे. कुणाच्या अंगाला कसला वास येतो यावरून माणसं लावणं आपल्या समाजाने फार केलं. चामड्याचा वास, मासळीचा वास, गोठ्याचा वास, घामाचा वास. म्हणजे ज्या ज्या कामावर बाकीच्यांचं जगणं चालतं त्या त्या कामाचा वास. आणि तुम्ही नगर रस्त्याच्या कडेला राहता. तुमच्यातले निम्मे लोक रबर, रंग, तेल, लोखंड यांचा वास घेऊन घरी येतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही, हे आम्ही सांगायला पाहिजे असं नाही, पण सांगतो.

तेव्हा त्या तरुणाच्या प्रश्नाकडे परत येऊ. रोजच्यासाठी हलकाच का? एक कारण कांटने दिलं, शेजाऱ्याला नाही म्हणता येत नाही. हलका सुगंध हातभर अंतरात राहतो. जवळ येईल त्याला कळतो, बसभर पसरत नाही. दुसरं कारण नाकाच्या स्वभावात आहे. एकच वास सतत येत राहिला की काही मिनिटांत नाक त्याची दखल घेणं सोडतं. गोठ्यात राहणाऱ्याला गोठा कळत नाही तो यामुळेच. म्हणून आपला सेंट आपल्याला येईनासा होतो, आपल्याला वाटतं उडाला, आणि आपण आणखी मारतो. त्या मुलाचंही तेच झालं असणार. किती लावलंय याचा सर्वांत वाईट न्यायाधीश म्हणजे लावणारा. जड सुगंधात ही चूक दिवसभर अंगावर राहते. लिंबूफुलांच्या सुगंधात चूक झाली तरी अर्ध्या-पाऊण तासात बरीच उडून जाते. लवकर उडणं हा आम्ही त्याचा गुण मानतो तो म्हणून.

काही व्यवहाराच्या गोष्टी. घामावर सेंट मारू नका. तेलाच्या, घामाच्या वासात मिसळून तिसराच वास तयार होतो. तोंड, मान, हात साबणाने धुऊन, कोरडे करून मग. कूलंट लागलेले कपडे बदलणं शक्य असेल तर तो सुगंधाचा अर्धा भाग झाला. कंपन्यांनी पाळी संपल्यावर आंघोळीची सोय द्यावी हा खरं तर अत्तराच्या दुकानापेक्षा महत्त्वाचा मुद्दा आहे, पण त्यावर वेगळं व्याख्यान होईल. फवारे दोन. कॉलरच्या आतल्या बाजूला एक, बनियनवर छातीशी एक. सुती कापड वास बरा धरतं. पांढऱ्या कपड्यावर मात्र डाग पडतो का ते आधी कोपऱ्यात पाहून घ्या. आणि मशिनजवळ, वेल्डिंगजवळ जायच्या तोंडावर मारू नका, त्यात मद्यार्क असतो, तो पेटतो. बाटली खिडकीत, उन्हात ठेवू नका. लिमोनीन हवेने आणि उष्णतेने बिघडतं, वास जुन्या वार्निशासारखा होतो आणि कातडीला खाज सुटू शकते. घरात कुणाला दमा असेल तर त्यांना विचारून लावा. त्यांनी नको म्हटलं तर नको.

‘नैसर्गिक की केमिकल’ हा प्रश्न येणारच. सुरुवातीला पट्टी हाताला चोळू नका म्हटलं ते यासाठी. लिंबाच्या सालीचं दाबून काढलेलं तेल पूर्ण नैसर्गिक. पण ते कातडीवर लागलं आणि त्यावर कडक ऊन पडलं तर भाजल्यासारखे डाग पडतात, फोड येतात. त्या तेलातली काही द्रव्यं उन्हात कातडीला जाळतात. सरबताची लिंबं पिळून तसेच उन्हात गेलेल्यांना हा अनुभव आला असेल. उलट, कारखान्यात बनवलेलं हेडिओन शांतपणे वापरलं जातं. मुंबईत १९२२ पासून एस. एच. केळकर कंपनी सुगंधी द्रव्यं बनवते आहे. असे कारखाने जे सुगंध बनवतात ते साबणात, पावडरीत, उदबत्तीत जातात. ‘केमिकल नको’ म्हणणारा माणूस सकाळी उठल्यापासून त्यात न्हालेला असतो. मोगऱ्याचं फूलसुद्धा द्रव्यंच बनवतं हो. त्याच्याकडे फक्त लेबल नसतं.

आणि ज्यांना बाटली घ्यायचीच नाही त्यांनी शर्टाच्या घडीत रात्री दोन मोगऱ्याच्या कळ्या ठेवाव्यात आणि सकाळी काढून टाकाव्यात. लिंबाची साल कपाटात एका वाटीत ठेवावी, शर्टाला लावू नये. आमच्या घरी हेच चालतं. खर्च चार-पाच रुपये.

बरं, तास होत आला. पट्ट्या काढा. आधी ‘लिं’ हुंगा. काहींना काहीच येत नाही ना? कागदाचाच वास येतोय. मागच्या रांगेतल्या ताई म्हणतायत, थोडा येतोय. त्यांनी पट्टी पर्समध्ये बंद ठेवली होती, म्हणून. आता ‘मो’. हां, तो आहे तसाच. आता एक करा. ‘मो’ची पट्टी शेजारच्याला द्या आणि त्याला विचारा, जास्त होतंय का. तुम्ही स्वतः सांगू नका. त्याला विचारा.